फुकटचा एच

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या नावाने बसवलेल्या दगडावर स्पेलिंगच्या चुका आहेत, आणि त्या सगळ्या माझ्या देखरेखीखाली झाल्या आहेत.

मूळ भांडण ‘त’चं. बेंगळुरूत इंग्रजीतून ‘त’ लिहायला नुसता टी पुरत नाही, त्याच्यापुढे एच लागतो. त्यामुळे पुण्याहून इथे आल्या आल्या आजोबांच्या ‘वसंत’च्या शेपटीला एच लागला! गॅसचं कार्ड, विजेचं बिल, कुरिअर, सगळीकडे. मी प्रत्येक ठिकाणी जाऊन तो काढायला लावायची. (शाळेत माझ्या डिक्टेशनला कधी लाल रेघ पडली नाही, हे तुम्ही ऐकून कंटाळला आहात. तरी पुन्हा ऐका.)

आजोबा हसायचे. “अगं, भाजीबरोबर कढीपत्ता फुकट देतात ना? तसा इथे नावाबरोबर एच. घे की!”

“मला नको फुकटचं!”

मग ते गेले. हॉस्पिटलच्या पट्टीवर एच, मृत्यूच्या दाखल्यावर एच. तेव्हा मात्र भांडायला अंगात त्राण नव्हतं. पण मनाशी ठरवलं, वर्षश्राद्धाला आपल्या कोरमंगलाच्या सोसायटीच्या बागेत, त्यांच्या नेहमीच्या बाकाला दगड बसवायचा. निदान एका जागी माणसाचं नाव बरोबर असू दे.

इथल्या शिवाजीनगरात अक्षरं कोरणारा ईराण्णा भेटला. बेळगावकडचा, म्हणून मराठी बोलणारा. मी इंग्रजीत मजकूर दिला : ‘वसंत. हू लव्ड धिस गार्डन अँड केम हिअर विथ हिज वाइफ.’

“ईराण्णा, टीच्या पुढे एच नको.”

“सरी, अक्का.” (सरी म्हणजे बरं.)

“विसरशील. परत म्हण.”

“टीच्या फुडं एच नको.”

“कुठ्ठेही नको!” (हे ‘कुठ्ठेही’ लक्षात ठेवा.)

वर्षश्राद्धाच्या सकाळी दगड बसला. शेजारी जमले. तुमचा बाबा तुमच्या तिकडून एकटाच आला होता आणि तुम्ही दोघं त्याच्या फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये होतात. मी दगडावरची फुलं बाजूला केली, आणि रिया, तू मोठ्याने वाचायला लागलीस.

“हू लव्ड टिस गार्डन... अँड केम हिअर वीट हिज वाइफ... आजी, आजोबांना तुझा वीट आला होता?”

सगळे हसले. मीही हसले. मग हसता हसता माझ्या डोळ्यांचं भलतंच झालं, आणि बाबाने फोन झाडांकडे वळवला. (रेंज गेली असं त्याने तुम्हाला सांगितलं ना? रेंज उत्तम होती.)

ईराण्णाला बोलावून घेतलं. “काय केलंस हे?”

“तुम्हीच म्हटलासा की अक्का, कुठ्ठेही नको म्हणून! दोन ठिकाणी आणिक होता, ध्यान देऊन काढलो की मी!”

“आता परत घाल!”

त्याने उकिडवं बसून बोटाने जागा मापली. “न्हाई बसत. अक्षरं चिकटून हाईत.” मग बोट नावापाशी थांबलं. “हितं मात्र स्वल्प जागा हाय. वसंतच्या फुडं एक एच बसतोय बघा. पैसे नकोत. फुकट!”

फुकट! मी बाकाच्या डाव्या बाजूकडे पाहिलं. ती त्यांची बाजू. वर्ष झालं, तिथे मी साधी पर्ससुद्धा ठेवलेली नाही.

“घाल,” मी म्हटलं.

तेव्हा बाळांनो, चुका टाळायच्या तर एकेक शब्द तपासा, सरसकट हुकूम सोडू नका. आता त्या दगडावर टीपुढे एकच एच आहे, तोही नको तिथे. संध्याकाळी मी उजव्या बाजूला बसते. येणारेजाणारे दगड वाचतात आणि हळहळतात, “बिचारा! बायको अडाणी दिसते.”

मी मान डोलावते. डाव्या बाजूनेही डोलावली असती.