सॅपर सलीमचे दोन खटके

स्लॅब ओतायला खाली लावतात ती प्लास्टिकची सेंट्रिंग प्लेट काँक्रीटला चिकटत नाही. दोन प्लेटांच्या जोडातला छोटा खटका फिरवला की ती अलगद सुटते आणि वर स्लॅबचं पोट घासलेल्या परातीसारखं चकाकतं. लोक खूश होतात. मला ते बघवत नाही. कावून, ते सांगतो.

मी तलवाड्याचा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातला. इंजिनियर रेजिमेंटमध्ये सव्वीस वर्षं काढली, नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो. शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. काम दोन बंकरचं, तेही वाट बर्फाने बंद व्हायच्या आत. लोखंडी प्लेटा तिथं नेणं शक्य नव्हतं. खेचरं शेवटच्या चढाखाली थांबायची, आणि त्या थंडीत लोखंडाला उघडा हात लागला की कातडं चिकटायचं. म्हणून आम्हाला प्लास्टिकच्या प्लेटा दिल्या. एक जवान दोन प्लेटा पाठीला बांधून चढायचा. पण सेट एकच होता. एक नंबरचा स्लॅब पक्का झाला की त्याच प्लेटा आणि तेच टेकू दोन नंबरवर न्यायचे.

माझ्या हाताखाली सॅपर, म्हणजे इंजिनियर रेजिमेंटचा साधा जवान, सलीम होता. वय चोवीस, गेवराईचा. त्याचे वडील बशीरचाचा गेवराईतले सेंट्रिंगचे जुने मिस्त्री, त्यामुळे पोराला हे काम भरतीच्या आधीपासून येत होतं. तोंडाचा लई वांड. मी स्लॅबवर ताडपत्री नीट करत असलो की म्हणायचा, "साहेब, पेरलंय न्हवं? मग रातच्याला राखणीला बी बसा." मी शिवी द्यायचो. तो हसायचा. आमच्या तालुक्याचं बोलणं ऐकायला मिळायचं, एवढ्यासाठी मी त्याला जवळ ठेवायचो.

एक नंबरचा स्लॅब टाकला. वर ताडपत्री, खाली रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी. कच्चं काँक्रीट गोठू नये म्हणून ती सतत पेटती ठेवायची होती. दुसऱ्या रात्री बुखारीतलं रॉकेल संपलं आणि ती विझली. पहाटे चारला ती पुन्हा पेटवल्याचं पहाऱ्यावरच्या जवानाने मला सांगितलं. किती वेळ विझली होती, ते त्याला माहीत नव्हतं. मी जास्त विचारलं नाही. ही माझी पहिली चूक.

०६१० ला कंपनीचा रेडिओ वाजला. ब्राव्हो म्हणजे आम्ही.

"ब्राव्हो, दोन नंबरवर आठ माणसं तंबूत आहेत. प्लेटा कधी? ओव्हर."

"स्लॅब बघून सांगतो. ओव्हर."

"हवामान बिघडतंय. आज हव्यात. आऊट."

सलीम आणि मी बंकरमध्ये शिरलो. त्याने एक प्लेट सोडली, हातोडीच्या दांड्याने स्लॅबला ठोकलं आणि कान लावला. ठण्ण. दुसरीकडे ठोकलं. ठण्ण.

"साहेब, पक्कं हाय. एकदम ठणठणीत."

"तिसराच दिवस आहे बे."

"गेवराईत तर उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी असा आवाज येतोय."

मीही ठोकलं. आवाज खरंच खणखणीत होता. दोघंही बीडच्या उन्हात वाढलेलो. कडक म्हणजे पक्कं, एवढंच आमच्या कानांना कळत होतं. बुखारी विझल्याचं मला आठवलं आणि मी ते मनातून ढकललं. म्हणालो, "काढा."

०९३० पर्यंत सगळ्या प्लेटा बाहेर. दहापर्यंत टेकूही निघाले. स्लॅब तसाच उभा. जवानांनी प्लेटा पाठीला बांधल्या आणि निघाले. सलीम पडलेले खटके गोळा करायला आत थांबला. एक जरी कमी पडला तरी दोन नंबरवर प्लेट बसली नसती.

१०४० ला ऊन डोंगरावरून उतरून स्लॅबवर आलं. वारा पडला. मी दाराच्या कमानीखाली उभा राहून यादी तपासत होतो. मानेवर थेंब पडला. कमानीवर वितळायला बर्फ नव्हतं. मी वर पाहिलं. चकाकणारं पोट ओलं झालं होतं आणि मधोमध थेंब लोंबत होते.

"सलीम, बाहेर ये!"

"आलो साहेब, दोनच राह्यलेत."

"सोड ते! बाहेर!"

वेळ ११०२. स्लॅब मधून मोडला आणि खाली बसला.

आम्ही हातांनी उकरलं. ते काँक्रीट मुठीत दाबलं की चुरा व्हायचं, आणि चुऱ्यात बर्फाचे बारीक खडे होते. सिमेंट धरलंच नव्हतं. आतलं पाणी तेवढं गोठलं होतं, आणि आम्ही ठोकून ऐकला तो आवाज बर्फाचा होता. सलीम सापडला तेव्हा दोन खटके त्याच्या मुठीत होते.

त्याची शवपेटी घेऊन गेवराईला मीच आलो. बशीरचाचांना म्हणालो, "ड्यूटीवर गेला, चाचा." खटके माझ्याच ट्रंकेत राहिले. काढा म्हणणारा मी होतो, हे चौकशीत सांगितलं. त्याच्या बापाला सांगायची हिंमत झाली नाही.

गेल्या डिसेंबरात तलवाड्यात वाचनालयाच्या खोलीचा स्लॅब टाकायचा होता. देखरेख गावाने माझ्यावर टाकली. सेंट्रिंगला गेवराईहून माणूस आला, तो बशीरचाचा. टेम्पोत प्लास्टिकच्या प्लेटा. त्याच रात्री मी ट्रंकेतून खटके काढून खिशात टाकले.

सातव्या दिवशी सकाळी बघतो तर चाचा स्लॅबखाली हातोडी घेऊन उभे. ठण्ण.

"पक्कं झालंय, सुभेदार. काढू का? दुसरीकडं काम खोळंबलंय."

"न्हाई. चौदा दिवस."

"कावून? आवाज ऐका की."

"चाचा, आधी तिथून बाहेर या."

माझा आवाज चढला होता. ते बाहेर आले. मी त्यांना वाळूच्या ढिगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बुखारी, रेडिओ, थेंब. काढा म्हणालो तो मी, हेही. ट्रंकेतले खटके त्या दिवसांत मी खिशात घेऊन फिरत होतो, ते त्यांच्या हातावर ठेवले.

चाचांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"त्यानं ठोकून बघितलं व्हतं?"

"होय. दोनदा."

"कान लावून?"

"कान लावून."

चाचा म्हणाले, "ते म्या शिकवलं व्हतं त्याला. धा वर्साचा असताना. म्हणलं, बेटा, कान लाव, स्लॅब खोटं बोलत न्हाई."

मला रडू आवरलं नाही. चाचांनी एक खटका खिशात घातला आणि दुसरा माझ्या मुठीत परत दिला.

"ह्यो तुमच्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "आन् प्लेटा एकवीस दिवस ठेवू."

बाविसाव्या दिवशी शेवटचा टेकू निघाला. ऊन लागून स्लॅब टिकतो का ते बघेपर्यंत चाचांनी दुसऱ्या कुणालाच आत येऊ दिलं नाही. ऊन माथ्यावर येईपर्यंत त्या स्लॅबखाली आम्ही दोघंच उभे होतो. आमच्यात तिसरा सॅपर सलीम, वय चोवीस, गेवराई.