पदरची पट्टी

नागापूरच्या एमआयडीसीत अमृतला अमृत म्हणून कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला 'कामून' म्हणत. पाथर्डीकडचा गडी, 'का' म्हणायच्या जागी 'कामून' म्हणायचा, आणि म्हणायचा तरी किती! चहावाल्याला विचारणार, पत्ती आधी की दूध आधी, अन् कामून? लाइनमन खांबावर चढला की हा खाली मान वर करून उभा, आणि तो उतरला की त्याला गाठलाच. भाऊसाहेबांच्या शेडमध्ये तो वेल्डर होता. तिथे उसाच्या ट्रॉल्या बनत. भाऊसाहेब तोंडाचे फाटके, पण माणूस सरळ. ते म्हणत, ह्याला पगार मी वेल्डिंगचा देतो आणि वर ह्याचे प्रश्न फुकट ऐकतो.

त्या शेडची एक रीत होती. ट्रॉली पुरी झाली, रंग चढायच्या आत वेल्डर तिच्याखाली शिरायचा आणि चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, दोन लांब लोखंडी चॅनलांच्या मध्ये एक जादा लोखंडी पट्टी मारून यायचा. ती ठरलेल्या कामात नसे, बिलात नसे. तिला 'पदरची पट्टी' म्हणत. ती मारली असं गिऱ्हाइकाला सांगायचंही नाही. आपण दिलेलं आपणच काय बोलून दाखवायचं! बाकीचे वेल्डर कधी मारत, कधी विसरत. अमृत कधीच विसरला नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. तो लहान असताना राहुरीच्या अलीकडे भरल्या ट्रॉलीची चासी मधोमध मोडली, आणि वर बसलेली त्याची आई भागूबाई उसासकट डांबरावर आली. तिचा उजवा हात वाकडा राहिला तो राहिलाच. त्याच हाताने तिने पुढे जन्मभर भाकरी थापल्या.

नव्व्याण्णव साली त्या शेडसमोर एका टेम्पोतून एक लाल गाडी उतरली. दोन माणसांची, अंग फायबरचं, उंची कमरेएवढी, वर छप्पर नाही. कुठल्याशा छोट्या कारखान्याने काढलेली. एमआयडीसीतलं निम्मं मनुष्यबळ काम टाकून बघायला आलं. भाऊसाहेब म्हणाले, एवढं जमिनीसरपट बसायचं तर बाज काय वाईट? गाडीचा मालक चेतन, संगमनेरच्या कापडदुकानदाराचा मुलगा. त्याला ही गाडी मद्रासजवळच्या ट्रॅकवर लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळवायची होती. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत पाइपचा पिंजरा हवा होता, आणि पाइपचं वेल्डिंग अमृतसारखं दुसरं कुणाचं नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

झालं, कामूनला रान मोकळं सापडलं! चेतन एकेक वस्तू काढायला सांगे आणि हा पाना हातात धरून विचारत बसे. गालिचा काढला, रेडिओ काढला, मऊ सीटा काढल्या. नवीकोरी गाडी घ्यायची अन् तिची कातडी सोलायची, कामून? वजन कमी व्हावं म्हणून, चेतन म्हणाला. मग पुढच्या जाळीतून वारा ओढून चाकांपाशी नेणारे जाड नळ बसवायला काढले, तेव्हा तर अमृत चक्रावला. जोरात पळायचंय, मग लाड ब्रेकचे कामून? चेतनने समजावलं, की तासनतास पळताना इंजिनाच्या आधी ब्रेक मरतात. तापतात, आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. ह्यात पहिला येतो तो शेवटपर्यंत टिकणारा. ते ऐकून अमृत दिवसभर खुशीत होता. टिकण्याचं काम म्हणजे त्याच्या ओळखीचं काम.

एक गोष्ट मात्र चेतनने त्याला पुन्हापुन्हा सांगितली. तालमीतल्या कुस्त्यांना वजनाचे गट असतात, तसे ह्या शर्यतीतही गट होते. ही गाडी कंपनीच्या, म्हणजे कारखान्यातून निघाल्या तशाच पळणाऱ्या, गाड्यांच्या गटात धरली जाणार होती. सामान काढा, पिंजरा बोल्टाने बसवा, ब्रेकला वारा द्या, चालेल. पण इंजिन कंपनीचं, गिअर कंपनीचे, अंगाचा आकार कंपनीचा. त्यात हात घातला की रवानगी वरच्या गटात, जिथे दुप्पट ताकदीच्या गाड्या. अमृतने मान डोलावली आणि पिंजरा इतका बिनचूक बसवला, की बोल्ट हाताने आत गेले.

चेतनच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं, गटाचा कप आणलास तर नागापुरात तुला शर्यतीच्या गाड्यांचं गॅरेज टाकून देतो, नाही आणलास तर गादीवर येऊन बसायचं आणि कापड मोजायचं. चेतनने हे अमृतला सांगितलं, आणि वर म्हणाला, गॅरेज झालं तर वेल्डर तू. त्या रात्री अमृतला झोप कसली येतेय! ट्रॉल्यांवर त्याचा राग नव्हता, पण ट्रॉलीला विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. आणि ह्या गाडीच्या पोटात किती 'कामून' भरले होते! रविवारी विहारात तो सगळ्यांना सांगत सुटला, की मी मद्रासला चाललोय, आमची गाडी पळणार हाय. भागूबाईने एवढंच विचारलं, की लेकरा, ती पोरं बसतात ती गाडी मजबूत हाय ना?

गाडी निघायच्या आदल्या दिवशी चेतन जेवायला गेला, तेव्हा अमृत ओलं गोणपाट घेऊन गाडीखाली शिरला. फायबरला आच लागू नये म्हणून गोणपाट लावलं, आणि चासीच्या दोन दांड्यांमध्ये एक पट्टी मारली. अगदी सुबक. वर काळा रंग दिला. चासी म्हणजे ना इंजिन, ना गिअर, ना अंग. आणि आपण कशात हात थोडाच घालतोय, उलट दिलंच आहे, असा त्याचा हिशेब. हात पुसत बाहेर आला आणि रीतीप्रमाणे गप्प राहिला.

मद्रासला शर्यतीच्या आधी गाड्यांची तपासणी होती. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. चेतन आणि त्याचा मित्र नितीन, जो आळीपाळीने गाडी चालवणार होता, दोघे कागदांच्या टेबलापाशी होते. गाडीजवळ अमृत. तपासनिसाने पिंजरा पाहिला, मान हलवली, खूष दिसला. मग गाडी उचलून खाली बॅटरी मारली, आणि एका जागी उजेड थांबला. त्याने हिंदीत विचारलं, ही पट्टी अपघातानंतरची दुरुस्ती आहे का? विचारणारा भला माणूस होता. दुरुस्ती असती तर नियमात बसत होती. आणि आमच्या अमृतला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, साहेबाला काम आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पदरच्या पट्टीबद्दल विचारत होतं. छाती पुढे काढून तो म्हणाला, "नहीं साब. गाडी एकदम नई है. ये पट्टी मैंने अपनी तरफ से डाली."

चेतन धावत आला तोवर कागदावर शेरा पडला होता. कंपनीच्या चासीला वेल्डिंग करून जोर दिला, म्हणजे गाडी वरच्या गटात. अमृत गयावया करू लागला, की आत्ता कापतो, खूणसुद्धा ठेवत न्हाई. तपासनीस म्हणाला, कापली तरी चासी पुन्हा कंपनीची होत नाही. चेतनचं तोंड पांढरं पडलं. तो शिव्या देईल तर बरं, असं अमृतला वाटलं. पण तो हेल्मेट घेऊन सावलीत जाऊन बसला.

शर्यत सकाळी सुटली. अमृत कठड्याला धरून उभा होता, आतून पार खचलेला. पण डोळे मेले ऐकेनात. कोणती गाडी कधी आत येते, चाकं कोण आधी काढतं, नितीन उतरताना चेतनने सीटचा पट्टा कसा धरून ठेवला, सगळं तो टिपत होता. ऊन चढलं तशा वरच्या गटातल्या दांडग्या गाड्या धापा टाकायला लागल्या. एकीचे ब्रेक गेले, एकीचं इंजिन बसलं. लाल गाडी आपली फिरतच होती. चाकांपाशी वारा नेणारे ते नळ आपलं काम करत होते, आणि शेजारच्या मेकॅनिकला पकडून अमृत ते दाखवत होता. दुपारी झेंडा पडला तेव्हा ती धावत होती. वरच्या गटात पाचवी. आणि कंपनीच्या गाड्यांच्या गटात पहिली आलेली गाडी तिच्या चांगली दोन फेऱ्या मागे होती. म्हणजे तो कप कुणाचा होता, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

गाडी थंड झाल्यावर अमृत खाली शिरला. त्याला बघायचं होतं, पट्टीने निदान काही झेललं का. कुठे तडा, कुठे ताण, कुठे उडालेला रंग. काही नव्हतं. काळा रंग नागापुरात दिला तसाच. ती पट्टी दिवसभर नुसती गाडीबरोबर हिंडून आली होती. तो तिथेच उताणा पडून रडला.

बाहेर आला तर समोर चेतन. थकलेला, तोंडावर तेलाचे डाग. "अमृत," तो म्हणाला, "मला तू सगळं विचारलंस. हे तेवढं विचारायचं राहिलं." आणि त्याने अमृतला हात देऊन उभं केलं.

गॅरेज झालं नाही. चेतन संगमनेरला गादीवर बसला. लाल गाडी कुणीतरी पुण्याला नेली. अमृत पुन्हा ट्रॉल्यांवर आला, आणि कितीतरी दिवस त्याने कुणाला काही विचारलं नाही. चहावाल्यालासुद्धा चुकल्यासारखं वाटे. भाऊसाहेब सगळ्यांना सांगत, की ह्याचं मशीन मद्रासला बंद पडलं.

मग शेवगावकडचा आप्पासाहेब नावाचा म्हातारा शेतकरी, शेडचं जुनं गिऱ्हाईक, ट्रॉली न्यायला आला. ट्रॉली रंगायची तेवढी राहिली होती. अमृत पट्टी हातात घेऊन चाकापाशी आला, खाली वाकला, आणि तसाच थांबला. उठून म्हाताऱ्यापाशी गेला. आजवर त्या शेडमध्ये कुणी असं केलं नव्हतं.

"खाली एक जादा पट्टी मारू का?" त्याने विचारलं. "वजन वाढंल थोडं. तुमची ट्रॉली हाय, म्हणून इचारतो."

आप्पासाहेबाने ट्रॉलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"मार की," तो म्हणाला. "वर पोरंबाळं बसत्यात. पन मला सांग, एवढ्या वर्सांत कुनी इचारलं न्हाई, तू आजच कामून इचारतोस?"

अमृत हसला, आणि म्हाताऱ्याशेजारी टेकून, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून, लाल गाडीपासून सांगायला लागला.