रेषेला चिकटवलेल्या खुर्च्या

कबड्डीमुळे मुली धीट होतात, असं आमच्या मंडळाचे अध्यक्ष दर गणपतीत माइकवरून सांगायचे. धीट झालेल्या मुलीचं हे लोक काय करतात, ते मी एका संध्याकाळी पाहिलं.

आम्ही भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत राहायचो. संपात वडिलांची गिरणीतली नोकरी सुटून तीनेक वर्षं झाली होती. एके काळी ते गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. आता एका कारखान्याच्या गेटवर बसायचे. घरात मी थोरली. खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागते, हे चाळीतल्या प्रत्येक आईबापाला पाठ होतं, म्हणून मला रोज संध्याकाळी ग्राउंडवर जायची मुभा होती. नाहीतर दिवेलागणीला घराबाहेर दिसलेल्या मुलीला आमच्याकडे काय काय ऐकावं लागायचं!

संघाची कप्तान आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. माझ्याहून वर्षाने मोठी, मालवणी, बोलायला फटकळ. पकड कशी करायची ते मला तिनेच शिकवलं. "तिच्या डोळ्यांकडे बघू नको गं, पायाकडे बघ," म्हणायची. माझे गुडघे सोलून निघाले की स्वतःच्या घरातून हळद आणून लावायची.

त्या वर्षी बोरीवलीच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीला पोचलो. सामने रविवारी होते, सकाळी पुरुषांचे आणि दुपारनंतर बायकांचे. आम्ही सकाळीच जाऊन बसलो होतो. पुरुषांच्या सामन्यांना पाहुण्यांच्या खुर्च्या मैदानापासून चांगल्या आठ-दहा फूट लांब होत्या. दांडगे गडी अंगावर कोसळले तर पाहुण्यांची हाडं मोडतील ना!

आमच्या सामन्याआधी चार स्वयंसेवक आले आणि त्यांनी त्या खुर्च्या उचलून थेट बाजूच्या रेषेला चिकटवल्या. मला वाटलं, ऊन आलं म्हणून सरकवल्या असतील. सामना सुरू झाल्यावर कळलं. चढाईला गेलेल्या मुलीला ढकललं की ती रेषेबाहेर जायची आणि सरळ त्या लोकांच्या पायांत, मांड्यांवर पडायची. ते हसायचे. "अरे सांभाळ, सांभाळ," म्हणत उठवायला हात पुढे करायचे, आणि ते हात नको तिथे रेंगाळायचे. पांढरे सफारी, तोंडात पान. त्यांतल्या एकाने सकाळी व्यासपीठावरून आम्हाला 'माझ्या मुली' म्हटलं होतं. माइकवाला ओरडत होता, "पाहुण्यांना प्रसाद मिळाला!" आणि मागची गर्दी शिट्ट्या मारत होती. त्या गर्दीत बायकाही होत्या. त्याही हसत होत्या.

कप्तान दोनदा पडली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा तिने एकाचा हात झटकून टाकला. तो सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामन्याआधी ती आयोजकांच्या टेबलाशी गेली. मी मागोमाग गेले.

"खुर्च्या मागे घ्या," ती म्हणाली. "सकाळी होत्या तेवढ्या."

"ते पाहुणे आहेत, बाई. त्यांच्यामुळे स्पर्धा होते."

"मग त्यांनाच खेळवा."

टेबलावरचे लोक हसले. एकजण म्हणाला, "अंगाला हात लागायची एवढी लाज असेल तर कबड्डी कशाला खेळायची? लंगडी खेळा घरी."

आमचे कोच धावत आले. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "बँकेचा माणूस बसलाय निवड करायला. आत्ता तमाशा नको. वीस-पंचवीस मिनिटं सोस, जन्माचं कल्याण होईल."

"माका नको असला कल्याण," ती म्हणाली आणि मैदानात जाऊन मध्यरेषेवर मांडी घालून बसली. खुर्च्या हलेपर्यंत उठणार नाही म्हणाली. मग तिने वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही अकराजणी होतो. दोघी-तिघी जरी जाऊन शेजारी बसल्या असत्या तरी त्या लोकांची पंचाईत झाली असती.

कोच माझ्याजवळ आले. "आजची कप्तान तू," म्हणाले. "टॉस करून ये."

मी गर्दीत वडिलांना शोधलं. ते तिसऱ्या रांगेत उभे होते. खेळलेला माणूस, खुर्च्या कुठे होत्या आणि कुठे आल्या ते त्यांना कळलं नसेल असं होऊच शकत नाही. त्यांनी मान हलवली. जा, म्हणून.

मी गेले.

दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती रडली नाही. मी खेळले, चांगली खेळले. दोनदा त्या खुर्च्यांवर पडले. एका हाताने माझी कंबर धरून ठेवली तेव्हा मी पंचाची शिट्टी वाजेपर्यंत मनात आकडे मोजत राहिले. आम्ही जिंकलो. कप मी घेतला. देणारा तोच, सकाळचा 'माझ्या मुली'वाला. मी वाकून त्याच्या पाया पडले. कोणी सांगितलंही नव्हतं.

वडिलांनी घरी पेढे आणले. आई म्हणाली, "शेजारी देऊन ये." मी दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं.

मंडळाने कप्तानला बेशिस्तीबद्दल काढून टाकलं. पोरगी उर्मट निघाली, असं अख्ख्या चाळीत बोललं गेलं आणि तिच्या भावाने तिचं खेळणंच बंद केलं. मला तीन महिन्यांत बँकेचं पत्र आलं. त्यानंतर एकदा सामानाला गेले असताना ती रेशनच्या रांगेत माझ्या पुढेच उभी होती. मी म्हटलं, "मला तेव्हा सुचलंच नाही गं."

ती मागे न वळता म्हणाली, "सुचलं होतं तुला. मी बघत होते."

बँकेत मी तीस वर्षं काढली, त्यांतली सात त्यांच्या संघातून खेळले. महिला दिनाला मला भाषण करायला उभं करायचे आणि मी सांगायचे, कबड्डीने मला धीट केलं. टाळ्या पडायच्या.