मंडळातली आठवी बाई

भागीरथेचा हात मांडीवर ठेका धरायला लागला की तिचं तिलाही कळत नसे. स्टेजवर बाया भजन म्हणत असायच्या आणि ही खाली दुसऱ्या रांगेत, भोंग्याच्या पुढ्यात, डोक्यावर पदर घेऊन बसलेली असायची. ओठ हलत असत, बोटं मांडीवर पडत असत आणि कोणी सम चुकवली की घासात खडा लागावा तसं तिचं तोंड होई.

चामोर्शीच्या आसपास कुठेही खंजिरी भजनाची स्पर्धा असली की ती जायचीच. घरी सांगायचं, गुडघ्याचं औषध आणते. भाऊ हेमराज काही विचारत नसे. भावजय रीता मात्र सोडत नसे.

"बाई, तुमचा गुडघा स्पर्धेच्याच दिवशी काऊन दुखते?"

पण जाण्याआधी भागीरथेनं दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकलेला असे, भांडी घासून पालथी घातलेली असत. त्यामुळे बोलणं तेवढ्यावरच राही.

तिच्या गावातही बायांचं मंडळ होतं. सहा वर्षं तिनं त्यात झील धरली. मुख्य बाईनं ओळ सोडली की बाकीच्यांनी ती उचलून धरायची, हे झिलेचं काम. नाव होतं मुख्य बाईचं, पण भजन तरतं झिलेवर, असं भागीरथेचं मत होतं आणि ते ती मनात ठेवत नसे. मुख्य बाई पोलीस पाटलाची बायको. एका सरावाला भागीरथेनं पेटी थांबवली आणि म्हणाली, "ताई, तुमी अर्धा सूर खाली आहा. गायीले हाक मारल्यावानी वाटते."

ते खरं होतं. म्हणूनच पुढच्या सरावाचा निरोप तिला आला नाही. त्यालाही आता चार वर्षं झाली होती.

त्या जानेवारीत धान घरात येऊन पडलं होतं आणि शेजारच्या मोठ्या गावात तीन दिवसांची स्पर्धा लागली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी महिला गट. भागीरथा आपल्या जागेवर बसली होती. स्टेजवरच्या मंडळाची तिसरी ओळ लवकर सुटली, तिनं तोंड वाकडं केलं, आणि तेवढ्यात कोणीतरी तिच्या खांद्याला हात लावला.

पंचावन्नच्या घरातली, उंच, पोपटी लुगडं नेसलेली बाई वाकून उभी होती.

"बाई, तुमाले झील येते का?"

"येते म्हणजे? या आठ जणींत एकीलेही नाई येत, तेवढी येते."

त्या बाईला हसू आलं. तिचं नाव इंदुताई. मंडळ अहेरीकडचं. यादीत आठ नावं होती, पण इंदुताईच्या सुनेला, दीपिकाला, येताना उलट्या सुरू झाल्या आणि ती तिकडे टेम्पोत आडवी पडली होती. सात जणी चढल्या तर गुण कापले जाणार. "तुमी फक्त बसा आमच्यात. नाव कोणी पुकारलं तर हो म्हणजा. दीपिका."

"आधार कारडं घेतले ना त्याईनं?"

"झेरॉक्समधी साऱ्या बाया सारख्याच काळ्या दिसते, बाई."

टेम्पोच्या मागे दोघींनी पातळ धरून आडोसा केला आणि भागीरथा पोपटी लुगडं नेसली. प्लास्टिकच्या पिशवीत ते घडी करून ठेवलेलंच होतं. सोबतच्या पोलक्याच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिनांची बारीक भोकं होती, इथून उसवलेलं, तिथून टाचलेलं. एखाद्या जाड बाईलाही व्हावं आणि बारीक बाईलाही. तिनं ते पाहिलं. पण घाई होती. टेम्पोच्या आत मात्र तिनं डोकावून पाहिलं नाही.

मंडळातली चंचल नावाची हसरी बाई तिच्या केसांवर पाणी फिरवत म्हणाली, "या वयात सासू भेटली तुमाले. नशीब लागते."

"पह्यलीनं काय दिवे लावले होते!" भागीरथा म्हणाली, आणि साऱ्याजणी हसल्या. एवढ्या बाया आपल्या बोलण्यावर हसल्याला किती दिवस झाले, हे तिला आठवेना.

पहिलं भजन नीट गेलं. दुसऱ्यात इंदुताई अंतऱ्याला चढल्या आणि मधेच त्यांचा आवाज बसला, जसा हातपंप कोरडा पडतो. पेटी पुढे निघाली, तबला निघाला, आणि समोरचे तिन्ही परीक्षक मान वर करून बघू लागले. भागीरथेनं विचार केलाच नाही. तिनं ती ओळ तिथूनच उचलली, झील म्हणून नव्हे, पुऱ्या गळ्यानं. दोन फेऱ्या ओढली आणि इंदुताईंचा श्वास परत आल्याबरोबर ओळ त्यांच्या हवाली करून पुन्हा खाली बाकीच्यांत मिसळली. मांडवातून टाळ्या आल्या. त्या कशाबद्दल आल्या हे गाणं कळणाऱ्यांनाच कळलं होतं.

निकालाला वेळ होता. आठही जणी झाडाखाली जेवायला बसल्या. भात, वाल, लाखोरीच्या डाळीचे वडे. इंदुताईंनी तिच्या पानात स्वतःच्या हातानं वाढलं.

"दीपिकाले दोन घास नेऊन देता का?" भागीरथेनं विचारलं.

"झोपली आहे ते. उठवू नका."

मग त्यांनी विचारलं, माहेर कुठचं, सासर कुठचं. भागीरथा सहसा सांगत नसे. त्या दिवशी सांगितलं. नवरा लटारू राजुऱ्याकडे कोळसा खाणीत. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा त्यानं दुसरी आणली. ही माहेरी आली, त्याला बावीस वर्षं झाली.

"खाणीच्या कागदावर बायको म्हणून माझंच नाव आहे. ते बदलायचं म्हटलं तर भानगड. म्हणून ते दुसरी माझ्या नावानं राह्यते. दवाखान्यात भागीरथा म्हणून पुकारलं की ते उठते. तिचे दोन्ही लेकरं माझ्या नावावर जनमले. मी इथी भांडे घासून राह्यलो, अन् तिकडे भागीरथा क्वार्टरात पंख्याखाली बसली आहे."

इंदुताईंनी मान खाली घालून भाताची शितं गोळा केली. मग हात न धुताच त्या म्हणाल्या, "शिवरात्रीले मार्कंड्याच्या यात्रेत आमचा कार्यक्रम आहे. तुमी येजा बाई. आमच्यातच या. दीपिकाचं काही खरं नाई, लेकरंबाळंवाली आहे. आमाले अशी झील कुठी भेटावं?"

"खरंच म्हणता?"

"देवाच्या जागेचं बोलून राह्यलो, खोटं काऊन बोलीन?"

चंचलनं भागीरथेच्या मोबाइलवर आपला आणि इंदुताईंचा, दोन्ही नंबर टाकून दिले. भागीरथेनं तो बटणांचा मोबाइल पोलक्यात खोचला आणि अर्धा तास त्याच्यावर हात ठेवून बसली. मंडळ मिळालं होतं. चार वर्षांनी मंडळ मिळालं होतं.

निकालात इंदुताईंचं मंडळ दुसरं आलं. मग एकेकीची बक्षिसं. उत्कृष्ट गायिका, उत्कृष्ट खंजिरी, आणि "उत्कृष्ट झील, सौभाग्यवती दीपिका."

भागीरथा बसूनच राहिली. चंचलनं तिला कोपर मारलं. "उठा ना! तुमीच आहा!"

तिघांतले म्हातारे परीक्षक गाणं जाणणारे होते. त्यांनी तिच्या हातात पाणी भरायचा स्टीलचा गुंड आणि सन्मानपत्र दिलं आणि माईकसुद्धा पुढे केला. "बाई, गायिकेचा आवाज गेला तेव्हा तुम्ही जे केलं ते शिकवून येत नाही. नाव सांगा आपलं. आणि कोणापाशी शिकल्या तेही सांगा."

एवढ्या वर्षांत तिला कोणी माईकवर नाव विचारलं नव्हतं. समोर सारा मांडव. तिसऱ्या रांगेत सात पोपटी लुगडी, आणि मधोमध इंदुताईंचा चेहरा, ताणलेला, पांढरा. खरं नाव सांगितलं तर मंडळ बाद. मार्कंडा बाद.

"दीपिका," ती म्हणाली. आवाज भोंग्यातून मोठा होऊन तिच्याकडेच परत आला. तो तिला आवडला. म्हणून तिनं न विचारलेलंही पुढे जोडलं. "मले माह्या सासूबाईनं शिकवलं. ते पाहा, तिथी बसून आहे."

मांडव टाळ्यांनी भरला. सासू-सुनेचं असं गोड नातं कोणाला आवडत नाही? इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, हे भागीरथेनं वरून पाहिलं आणि तिला वाटलं, ते आपल्यासाठीच.

टेम्पो सुटायच्या वेळी लुगडं परत गेलं, घडी होऊन पिशवीत. सन्मानपत्रावर दीपिकाचं नाव, ते भागीरथा नेऊन काय करणार? आणि गुंड मंडळाचा. इंदुताईंनी तिला सत्काराचा नारळ दिला. "येतो बाई. मार्कंड्याले."

नारळाची रीतानं दुसऱ्या दिवशी चटणी केली. आठवड्यानं कोणाच्या तरी मोबाइलवरून बक्षीस घेतानाचा तिचा फोटो घरी आला.

"अवो बाई, हे तुमीच ना? अन् खाली दीपिका काऊन लिवलं? सौभाग्यवती!" रीता हसून हसून चुलीपुढे बसली. "पाहा वो, गुडघ्याच्या औषधानं बाईचं वयच कमी झालं!"

हेमराजही हसला. तेव्हापासून घरात ती दीपिकाबाई झाली. दीपिकाबाई, चहा मांडा. दीपिकाबाई, शेण काढलं का? पोलीस पाटलाच्या बायकोनं बोअरिंगवर तेच नाव घेऊन हाक मारली, अगदी अर्धा सूर खाली. भागीरथा उत्तर द्यायची नाही. हसा. शिवरात्रीला कळेल.

शिवरात्रीला बारा दिवस उरले तेव्हा तिनं इंदुताईंना फोन लावला. कोणती साडी नेसायची आणि कोणत्या गाडीनं यायचं, तेवढंच विचारायचं होतं. घंटी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी फोन कटला. मग तिनं चंचलला लावला.

चंचल आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाई, रागावजा नोका. इंदुताई तुमाले नाई घेणार. तुमचा फोटो साऱ्याईच्या मोबाइलवर गेला. मार्कंड्याले तुमच्या गावचे लोक येते, ते तुमाले भागीरथा म्हणून ओळखते. सून म्हणून तुमाले कसं बसवावं?"

"मंग दीपिकाच्या जागी माह्याच नावानं येतो. तिच्या उलट्या..."

"कुठच्या उलट्या, बाई!" चंचलचा आवाज बारीक झाला. "दोन वर्षं झाले दीपिका माहेरी गेली. इंदुताईच्या पोराच्या मारानं गेली. घरात दुसरी आहे आता. इंदुताई लोकाईले सांगत नाई, लाज वाटते. यादीत नाव तसंच ठेवते, अन् लुगडं घेऊन हिंडते. जिथी गेलो तिथी एक बाई पाह्यते."

"टेम्पोत कोणीच नव्हतं?"

"कोणीच नाई."

भागीरथेनं विचारलं, "मी कितवी?"

"सहावी असान. पण बाई, देवाशप्पथ, तुमच्यावानी एकही नाई गायली."

फोन ठेवून भागीरथा अंगणात आली. भांडी पडली होती, ती घासायला बसली. कुठेतरी एक दीपिका अशीच आपल्या माहेरी भांडी घासत असेल. तिच्या भावजयीच्या मोबाइलवरही तो फोटो गेला असेल. आपलं नाव, कोणाचं तरी तोंड आणि खाली सौभाग्यवती. सासूनं शिकवलं म्हणे. लटारूच्या त्या बाईला भागीरथेनं बावीस वर्षं मनात शिव्या दिल्या होत्या. ती पहिल्यांदा भागीरथा म्हणून उठली असेल तेव्हा तिलाही आपला आवाज आवडला असेल का? राखेचा हात तवलीवर फिरत राहिला, तळ कधीच स्वच्छ झाला होता तरी.

मार्कंड्याला ती गेली. न जाऊन काय करणार? देवळाची भिंत ओलांडली की वैनगंगेची वाळू, वाळूच्या अलीकडे मांडव. दुसरी रांग, भोंग्याच्या पुढ्यात. हात मात्र तिनं मांडीवर ठेवला नाही, दोन्ही हातांत पिशवी धरून बसली. शेजारी एक काळीसावळी, हाडकुळी बाई येऊन बसली. नाव बुधरी. एकटीच आली होती. स्टेजवरच्या भजनाबरोबर तिचे ओठ हलत होते आणि ती चुकत नव्हती.

थोड्या वेळानं पोपटी लुगडं रांगांमधून वाकत वाकत आलं. इंदुताईंची नजर भागीरथेवर पडली, क्षणभर थांबली आणि भिंतीवरून सरकावी तशी पुढे सरकली. त्या बुधरीच्या खांद्याशी वाकल्या. हातात तीच प्लास्टिकची पिशवी होती.

"बाई, तुमाले झील येते का? माह्या सुनेले उलट्या होऊन राह्यल्या..."

बुधरीचा चेहरा उजळला. असा चेहरा कधी उजळतो, ते भागीरथेला माहीत होतं. उठता उठता बुधरी तिच्याकडे वळली. "बाई, माही थैली पाहान का? हे लोक चांगले आहेत ना? तुमी ओळखता?"

इंदुताई भागीरथेकडे बघत होत्या. आता त्यांची नजर सरकली नाही.

भागीरथेनं बुधरीची थैली ओढून आपल्या मांडीवर घेतली.

"जा," ती म्हणाली. "पण माईकवर नाव इचारलं, तर आपलंच सांगजा."