तांब्यावाल्या मावशी

आमच्या रेडिएशन विभागातला एकही ग्लास मावशींना पसंत नव्हता. "ह्या प्लास्टिकातलं पानी अंगाला लागत न्हाय," म्हणून सांगोल्याहून येताना त्यांनी घरचा पितळी तांब्या आणला होता. उपचार संपेपर्यंत मुक्काम शुक्रवार पेठेत, भाचीकडे. रोज सकाळी तांब्या काखोटीला मारून स्वारी बाकावर हजर!

पाण्याचं कारण असं, की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला किरणं देताना लघवीची पिशवी भरलेली लागते. मग आतडी वर सरकतात आणि वाचतात. तरीही आतलं सगळं रोज थोडं इकडंतिकडं होतंच. म्हणून बाई टेबलावर झोपली की आम्ही तंत्रज्ञ आधी फोटो घेतो आणि डॉक्टर त्या दिवसापुरती किरणांची हद्द नव्याने आखतात. तोवर तिने हलायचं नाही. हे मी समजावायला गेले, तर मेंढरांमागे जन्म काढलेल्या मावशीच म्हणाल्या, "मेंढरं रोज एकाच जागी बसत्यात व्हय? बसतील तशी जाळी लावायची." इतक्या वर्षांत मला हे एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एकदा फोटोत पिशवी रिकामी दिसली.

"मावशी, पाणी प्यालात ना?"

"प्याले की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं तोंड मुळातच तिखट. सगळ्यांसमोर झापलं त्यांना. "आतडी भाजली ना, मग माझ्याकडे रडत येऊ नका!" त्या खाली मान घालून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या दोन तांबे पाणी प्याल्या आणि डॉक्टर हद्द आखत होते तेवढ्यात टेबल ओलं झालं.

मी आत धावले. मावशी दोन्ही हातांनी तोंड झाकून पडल्या होत्या. तेव्हा कळलं, आधीचे दोन दिवस पाणी पिऊन त्या गुपचूप लघवीला जाऊन येत होत्या. "मागनं येनाऱ्या बाईनं माज्या ओल्यावर निजायचं व्हय गं? उद्यापासनं मी येत न्हाय." उपचार अजून अर्धेही झाले नव्हते. सोडून गेल्या असत्या तर जीवावर बेतलं असतं, आणि कारण काय, तर माझी जीभ. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

टेबल पुसता पुसता म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. मेंढी विताना तुमचे हात भरतात, म्हणून काय तिला टाकून देता? ओलं झालं तर झालं. मी आहे की." तांब्या उचलून त्या चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. मी तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. शेवटी आधी तांब्या दिसला, मग मावशी. "रिक्षाच गावंना गं," एवढंच म्हणाल्या. मी आत जाऊन डोळे पुसले.

शेवटच्या दिवशी त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "मला झापून झाल्यावर, टेबल पुसताना जे म्हनलीस, ते हितनं फुडं आदी सांगत जा, पोरी. मग पानी पाज."

त्यानंतर काही वर्षं त्या तपासणीला येत राहिल्या. दर वेळी तांब्या नीट घासलाय का, ते बघून जायच्या. गेल्या उन्हाळ्यात भाची एकटीच आली, मावशी गेल्याचं सांगायला.

आज सकाळी मैंदर्गीची एक बाई बाकावर अंग चोरून बसली होती. भरलेला तांब्या बाजूला ठेवून मी आधी तिच्याजवळ टेकले. म्हटलं, "ओलं झालं तर झालं, बाई. मी हाय की."