पडद्यावरची कोठडी
हिवाळ्यात ओला हरभरा भाजल्याचा वास आला, की दिग्रसमधली ती दुपार आठवते. परदेशातल्या मासिकाच्या पत्रकारांचे गमतीदार किस्से एकत्र गुंफलेला सिनेमा मी मैत्रिणीच्या आईसोबत लॅपटॉपवर पाहत होते. मैत्रीणही परदेशातच एका मासिकात बातमीदार होती. पडद्यावर पोलिसांनी पत्रकाराला कोठडीत ढकललं आणि मी खळखळून हसले. हरभऱ्याचे भाजलेले घाटे सोलता सोलता काकू शांतपणे म्हणाल्या, "माह्या पोरीलेबी असंच कोंडलं होतं, मोर्च्याची बातमी करतानी." मी सिनेमा थांबवला. दर आठवड्याला मैत्रीण आणि मी फोनवर बोलत होतो. "मले काहून नाही सांगितलं तिनं?" "तूबी तिकडं जायची तयारी करून राह्यली ना. घाबरशील म्हणे." आज मीही परदेशात बातमीदारी करते आणि आईला फोनवर फक्त गमतीच सांगते.