पराटीला झिंक, घरात पेज

डॉक्टर मॅडमनी माझ्या बायकोचा हात खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि एकेक बोट पाहिलं. नखांच्या कडेची कातडी लाल, सोललेली. ओठांच्या कोपऱ्यांत तसंच. मग त्यांनी विचारलं, "जेवणात काय काय घेता?"

मंदानं माझ्याकडे बोट दाखवलं. "यायले विचारा. माहं जेवन यायच्या हातात हाये."

रिपोर्ट टेबलावर होता. सीरम झिंक, म्हणजे रक्तातलं जस्त, फारच कमी. मला मान वर करवेना. सेलूला माझं कृषी केंद्र, म्हणजे खता-बियाण्यांचं दुकान आहे. कोणी पराटीचं, म्हणजे कपाशीचं, पिवळं पडलेलं पान घेऊन आलं की मीही ते असंच उजेडाला धरतो. शिरांच्या मधला भाग पिवळा आणि पान बारीक असेल तर म्हणतो, झिंक कमी पडलं. घरात मात्र रोज समोर दिसणारी बोटं मी कधी हातात घेतली नव्हती.

सुरुवात साधी होती. उन्हाळ्यात हिंगणीच्या एका लग्नाहून आलो आणि मंदाला जुलाब लागले. संसर्ग औषधानं गेला, पण पोट काही जागेवर आलं नाही. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात साखर, थायरॉइड, शौचाची तपासणी, सगळं झालं. दुर्बिणीनं आतडंही पाहिलं. बाकावर बसून दर वेळी मी मोठ्या आजाराचं नाव ऐकायची तयारी करायचो आणि दर वेळी "तसं काही नाही" ऐकून घरी यायचो. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. वजन उतरत राहिलं. केस विंचरले की फणी भरायची.

आमच्या घरची रीत अशी की पोट बिघडलं की भाताची पेज, साबुदाणा आणि कोरा चहा. ही रीत दोन-चार दिवसांची. मी ती महिनोन् महिने चालवली. डाळ बंद, दही बंद, शेंगदाणे बंद, तिच्या आवडीची जवसाची चटणी बंद. दुकानात मी डोस पाळायला सांगणारा माणूस. घरात तर पहारेकरीच झालो.

एकदा ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून भाजलेले शेंगदाणे खाताना दिसली. मी तिची मूठ उघडून दाणे काढून घेतले. हो, बोटं एकेक करून उघडली. ती म्हणाली, "खाऊ द्या न हो. भूक लागते मले." मी डबा माळ्यावर ठेवला.

दुसरी गोष्ट सांगायला याहून जड जाते. तिचं वरण खारट होऊ लागलं होतं. एका दुपारी तिचा भाऊ जेवायला बसलेला असताना मी ताट सरकवून म्हणालो, "लक्ष कुठं असते तुझं?" तिच्या जिभेची चव गेली होती, आणि झिंक कमी झालं की तसं होतं, हे मला नंतर मॅडमकडून कळलं.

मॅडमनी त्या दिवशी नीट समजावलं. "आतड्याचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. नव्या पेशी घडवायला झिंक लागतं. ते नसलं की अस्तर विरळ होतं, पेशींमधले सांधे सैल पडतात, जुलाब होतात. आणि जुलाबातून उरलेलं झिंकही जातं."

मग त्यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द वापरला. शरीर अन्न जाळून शक्ती मिळवतं, तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही रेणू सुटतात. त्यांना विझवणारी व्यवस्था शरीरातच असते, पण तिच्या काही भागांना झिंक लागतं. सुजलेल्या आतड्यात ठिणग्या जास्त, विझवणारे कमी. मग चटके पेशींनाच बसतात.

"सगळा दोष झिंकचा नाही," त्या म्हणाल्या. "संसर्गानं सुरुवात केली. पथ्यानं दुखणं लांबवलं."

बसमध्ये मंदा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "लोकायच्या पराटीले झिंक सांगता अन् घरच्या बाईले पेज पाजता. मी पराटी असती त बरं होतं. पानं त पाह्यली असती तुमी."

मी ठरवलं, आता चूक करायची नाही. आणि लगेच दुसरी केली.

विसरू नये म्हणून मॅडमनी लिहून दिलेल्या झिंक, लोह, कॅल्शियम अशा सगळ्या गोळ्या मी सकाळी एकदम, चहाबरोबर देऊ लागलो. पुढच्या भेटीत सुधारणा जेमतेम. मॅडमनी विचारलं, कशा देता? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोहाचा मोठा डोस झिंकला आत शिरू देत नाही. दोघांच्या वेळा वेगळ्या ठेवा. चहाही लांब ठेवा. आणि डाळी, कडधान्यं भिजवून, मोड आणून द्या. दाण्यात फॉस्फरस साठवलेला असतो, फायटेटच्या रूपात. ते झिंकला धरून ठेवतं."

मंदा जोरात हसली. "मॅडम, हे त दुकानात दिवसभर हेच सांगत राह्यते! डीएपीत झिंक मिसळू नोका, डीएपीत झिंक मिसळू नोका!"

खरं होतं. डीएपी खतात फॉस्फरस असतो, झिंकला तो अडवतो, म्हणून दोन्ही वेगळं द्या, हे माझ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. मी मॅडमना विचारलं, मग डोस वाढवू का? त्यांनी हात जोडले. जास्त झिंक तांब्याला अडवतं, तेही रक्ताला लागतं. सांगितलं तेवढंच, सांगितलं तितकेच दिवस.

तुमच्या घरी कोणाचं पोट बरेच दिवस बिघडलेलं असेल, तर माझ्यासारखं ताट रिकामं करत बसू नका. गोळीही स्वतःच्या मनानं सुरू करू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि खाणं कधीपासून काय चाललंय ते खरं सांगा.

त्यानंतर स्वयंपाक मी हातात घेतला. मटकी भिजवायची, फडक्यात बांधायची, गोळ्यांच्या वेळा पाळायच्या. माळ्यावरचा डबा खाली आणून तिच्या हाताशी ठेवला. बोटांची कातडी आधी भरली. मग जुलाब थांबले. चव मात्र येईना. "कसं झालं?" विचारलं की ती म्हणायची, "ठीक हाये." त्या दोन शब्दांची मला भीती वाटायला लागली. तरी मी रोज विचारायचो.

एका दुपारी तिनं वरणभाताचा पहिला घास घेतला आणि थांबली.

"मीठ दोनदा टाकलं काय?"

मी नुसता पाहत राहिलो.

"अहो, तुमाले विचारून राह्यले. लक्ष कुठं असते तुमचं?"

माझंच वाक्य होतं ते. वाटी पुढं केली, तेच वरण वाढून घेतलं आणि संपवलं. खारट होतं, खरंच.